काळी चार

थोरल्या नणंदबाई, अंबाबाई, जेवताना एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाच मंगलला कळायला हवं होतं. आक्का आणि गप्प, हे त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं. डिंभ्याहून डिंगोऱ्याला यायचं म्हणजे एसटी येईल तेव्हा आपली म्हणायची, वाटेत दोनदा बदलायची, आणि जागा मिळाली तर नशीब. एवढे हाल काढून आलेली बाई आधी उंबऱ्यातच कंडक्टरपासून स्वतःच्या सुनेपर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढते आणि मग पाय धुते. आजही पाय धुण्यापर्यंत सगळं रीतसर झालं. मग आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, फोटोला नैवेद्य दाखवायच्या आधी घरच्या घरी एक अभंग झाला. तिच्या नवऱ्यानं, सुभाषनं म्हटला, मंगलनं पेटी धरली, धाकटा दीर भरत आणि त्याची मुलगी वृषाली टाळावर बसली. एरवी आक्का भाऊबीजेला येऊन जायच्या, भावाचं गाणं त्यांच्या कानावर बऱ्याच वर्षांनी पडलं होतं. त्या अभंगापासून त्या गप्प होत्या. पुरणपोळी खाल्ली, कटाची आमटी वाटीला तोंड लावून प्याल्या, आणि बघत राहिल्या. भावाकडे नाही, भावजयीकडेही नाही. कोपऱ्यातल्या पेटीकडे.

मंगलनं ते पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. पहाटेपासून ती उभी होती. आबांची पुण्यतिथी म्हणजे घरच्यांचं पुरण वेगळं, आणि चारला देवळात जमणाऱ्या भजनी मंडळाचा चहा-प्रसाद वेगळा. साठ-सत्तर माणसं. कमरेत कळ निघत होती, पायाचे तळवे भणभणत होते, आणि त्यात नणंदेच्या मनात काय चाललंय हे शोधायला जायची तिची ताकद नव्हती. माणूस दमलं की त्याला संकट दिसतं, पण उठून त्याच्या आडवं जाववत नाही.

मंडळ आबांनी, म्हणजे कुशाबांनी काढलं, त्याला दोन पिढ्या उलटल्या. गावात कुणाचं तरी मयत होतं आणि तेराव्यापर्यंत त्या दारात अभंग म्हणायला कुणी भेटलं नाही. आबा म्हणाले, मयताला चार खांदे मिळतात, पण एक गळा मिळत नाही म्हणजे काय? आणि ते गळे गोळा करत फिरले. डिंगोरे, बोरी बुद्रुक, वर डोंगराच्या कुशीतल्या वाड्या. जो येईल तो घेतला. बेसूर आला तरी घेतला, मागं बसवला. सुपारी घ्यायची नाही, बिदागी घ्यायची नाही. नारळ आणि चहा, बस्स. जाण्यायेण्याचं ज्याचं त्यानं बघायचं. अजूनही तसंच चाललं होतं. जानकू वरच्या वाडीतून अजून चालत उतरायचा आणि चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचा.

आबांचा कायदा एकच होता: चरण एकाचं, धुरपद सगळ्यांचं. बुवानं चरण म्हणायचं आणि बाकीच्यांनी धुरपद उचलायचं. बुवा पुढचं चरण घेत नाही तोवर धुरपद सोडायचं नाही, आणि त्याच्या तोंडचं चरण दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. बुवानं हातानं चिपळ्या दिल्या तरच. एकदा गाता गाता आबांना उचकी लागली. ते उठले, रांजणापर्यंत गेले, पाणी प्याले, तोंड पुसून परत आले, आणि तोवर अख्खं मंडळ धुरपद फिरवत बसलं होतं. ही गोष्ट पंचक्रोशीत अजून हसून सांगतात. हसतात, पण मोडत कुणी नाही.

मंगल या घरात नवरी म्हणून आली त्याच वर्षी मंडळाचा पेटीवाला पोटासाठी मुंबईला गेला. आबांनी सुनेला पेटीवर बसवलं. गावानं नाकं मुरडली, पण आबांपुढे बोलायची छाती कुणाची? त्यांनी तिचं बोट धरलं आणि एका काळ्या पट्टीवर ठेवलं. ही काळी चार, म्हणाले, हे आपलं घर, कुठंबी फिरलीस तरी हितं परत यायचं. तिच्या मागोमाग बायका मंडळात आल्या आणि आता निम्म्याहून जास्त त्याच होत्या. त्या पट्टीवरचा काळा रंग मंगलच्या बोटानं झिजून खालचं लाकूड दिसायला लागलं होतं. आता खालच्या अंगाच्या काळी दोनचाही रंग उडत चालला होता, आणि खरं दुखणं तिथंच होतं.

आबांनंतर सुभाष बुवा झाला. तीन-चार वर्षं छान गेली. मग एका सप्त्यात त्याचा घसा बसला तो बसलाच. नारायणगावच्या डॉक्टरांनी गाठी सांगितल्या आणि आवाजाला पूर्ण विश्रांती द्यायला सांगितलं. त्यानं पंधरा दिवस दिली. मग बोरीत कुणाचा दहावा आला आणि तो गेला. त्या दिवशी वरच्या सुराला त्याच्या मानेच्या शिरा अशा तटतटल्या की मंगलला बघवेना. पुढच्या खेपेला तिनं काळी चारऐवजी खालची पांढरी पाच धरली. अर्धाच सूर. कुणाच्या लक्षात येणार? सुभाष घरी येऊन म्हणाला, ज्येष्ठमधानं घसा सुधारला बघ.

इथंच सगळं बिघडलं. तो म्हणाला नसता तर ती कदाचित परत वर गेली असती. पण नवऱ्याच्या तोंडावर तेवढा आनंद तिनं बऱ्याच दिवसांनी पाहिला होता. वर्षभरानं घसा पुन्हा ताणायला लागला, ती आणखी एक पट्टी उतरली. मग आणखी एक. आठ-नऊ वर्षांत ती आबांच्या घरातून निघून पायरी पायरी करत काळी दोनपर्यंत खाली आली होती. दर खेपेला सुभाष ज्येष्ठमधाचे गुण गायचा. पखवाज लावणाऱ्या गेणभाऊला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यानं काही न बोलता पखवाज उतरवून घेतला, आणि पुढे तर खालच्या सुराचा दुसराच पखवाज आणला. टाळकऱ्यांना कळलं, बायकांना कळलं, भरतलाही कळलं. साठ-सत्तर माणसं एका माणसापासून एक गोष्ट लपवत होती, आणि कुणीही कुणाला लपव म्हणून सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या मुठीत बायकांचे गळे होते. काळी चारला मोकळं गाणाऱ्या बायका काळी दोनला खर्जात घुसमटायच्या. काही यायच्या बंद झाल्या. उरलेल्या ओठ हलवायच्या. आणि मंगल? तिचा गळा तर आबांनी त्या पट्टीवरच घडवलेला. ती नुसती पेटी वाजवायची आणि नवऱ्याच्या घशाकडे बघत बसायची. ही गोष्ट त्याला कधी कळू नये एवढंच तिला हवं होतं. त्याला कळलं तर तो गाणं सोडेल, आणि गाणं सोडलेला सुभाष घरात कसा वावरेल हे तिला डोळ्यांसमोर दिसायचं.

जेवणं आटोपल्यावर सगळे पडवीत बसले. मंगल प्रसादासाठी खोबऱ्याचे तुकडे करायला विळी घेऊन दाराशी बसली. सुभाषनं ज्येष्ठमधाची काडी गालात धरली. भरतनं विषय काढला. त्याचं नारायणगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, त्यामुळे कुठलीही गोष्ट तो गिऱ्हाइकाला समजावल्यासारखी सांगायचा. म्हणणं थोडक्यात असं होतं की बायकांचं मंडळ वेगळं काढावं. त्यांची त्यांना बोलावणी येतील, हळदीकुंकवाला, मंगळागौरीला. इकडे बायका निम्म्या, पण धुरपदात त्यांचा आवाज ऐकूच येत नाही. मागच्या महिन्यात बोरीच्या लोकांनी बोलूनही दाखवलं होतं. यात कुणाचा अपमान नाही, तो म्हणाला, दोघांचीही सोय आहे. आणि आक्का आलीच आहे तर आज देवळात तिच्या तोंडूनच सांगितलं तर बायका ऐकतील.

सुभाषनं मान डोलावली. त्याला पटलं होतं असं नाही; पण अलीकडे धाकट्याला नाही म्हणायचाही त्याला कंटाळा यायचा. मंगलचं विळीवरचं खोबरं तसंच राहिलं. बायकांना मंडळातून काढायचं कारण तिच्या हाताच्या बोटात होतं, आणि ती बोलू शकत नव्हती.

बोलली वृषाली. ती चाकणच्या एका शाळेत गाणं शिकवायची आणि बापाशी तिचं फारसं जमत नव्हतं. जमत नव्हतं ते बहुतेक सारखेपणामुळेच.

"पप्पा, बायकांचा आवाज निघत नाही, तर का निघत नाही ते विचारा ना आधी. काळी दोनमध्ये बायका गातील कशा? पट्टी तरी वर घ्या."

"काळी दोन कुठली आली?" सुभाष म्हणाला. "आपली काळी चार हाये. आबांपास्नं."

तो हे इतक्या सहज बोलला की वृषालीचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. ती बापाकडे बघायला लागली आणि बाप आपल्या पायाच्या अंगठ्याकडे. मंगलला वाटलं, हा विषय अजूनही फिरवता येईल, चहा ठेवते म्हणून उठता येईल. तिनं विळी बाजूला सारली.

तेवढ्यात आक्का हलल्या. दुपारपासून दाबून धरलेलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं होतं. त्या आबांची थोरली लेक. मंडळ आणि त्या एकाच घरात, एकाच वयानं वाढलेल्या. परकर नेसायच्या वयापासून तो सूर ऐकत त्या चूल पेटवायला शिकल्या होत्या.

"मी मघापास्नं त्योच इचार करते," त्या म्हणाल्या. "सुभाष, ह्यो आबांचा सूर न्हाई. मंगल, काळी चार लाव बरं."

मंगलनं भरतकडे पाहिलं. भरतनं डोळे मिटून घेतले होते.

"लाव की गं."

ती उठली, पेटीपुढे बसली, भाता मोकळा केला आणि त्या झिजलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. बोटाला ती जागा ओळखीची लागली, माहेरच्या उंबऱ्यासारखी. सूर पडवीभर झाला. दुपारच्या सुरापेक्षा तो किती वर होता हे कळायला गाणं यायची गरज नव्हती. ओट्यावर झोपलेल्या कुत्र्यानंसुद्धा डोकं वर केलं. सुभाष ऐकत राहिला. त्यानं मनातल्या मनात तो सूर गळ्याला लावून पाहिला असावा, कारण त्याच्या घशाची गाठ एकदा वर सरकली आणि खाली आली.

"मग मी कशात म्हणतो?"

एवढी माणसं त्या पडवीत, पण हा प्रश्न मंगलचाच होता.

"काळी दोन," ती म्हणाली.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त गालातली काडी काढली, अंगणात टाकली, खुंटीवरची टोपी घेतली आणि कांद्याच्या वावराकडे चालू लागला. टोपी घातली नाही, हातातच धरली होती.

तो गेल्यावर घरात जी धुसफूस व्हायची ती झाली. भरत आक्कांवर उखडला. वर्षातून एकदा यायचं आणि सगळं उकरून ठेवायचं, असं काहीसं तो बोलला. आक्का हबकल्याच. आपल्याला वाटलं, सुभाषचा घसा बसलाय म्हणून त्यानंच समजून-उमजून पट्टी उतरवली असेल. त्यालाच ठाऊक नसेल हे आपल्या सात जन्मात डोक्यात आलं नसतं, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. वृषालीनं बापाला विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं तर बायकांना वेगळं काढायला का निघालात? तेव्हा भरतचं दुकानदाराचं बोलणं पार गळून पडलं.

"दादाला सांगण्यापरीस त्ये सोपं व्हतं," तो म्हणाला.

मंगलनं हे आतून ऐकलं. ती चुलीपाशी चहाच्या मोठ्या पातेल्याला टेकून उभी होती. तिला भरतचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तिनं जे सुरांत केलं होतं तेच तो माणसांत करायला निघाला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि या दोहोंच्या खाली कुठंतरी बरंही वाटत होतं, भरलेला हंडा डोक्यावरून उतरल्यावर मानेला वाटतं तसं. त्या बरं वाटण्याचीच तिला जास्त लाज वाटली.

आक्का आत आल्या, पाट ओढून बसल्या आणि विळी आपल्याकडे घेतली. खोबरं चिरता चिरता त्यांनी विचारलं.

"मी बोलाय नको व्हतं काय गं?"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई, आक्का," मंगल म्हणाली. "कुणीतरी बोलायचंच व्हतं. मला व्हत नव्हतं."

"मग पदर का लावलायस डोळ्याला?"

"धूर लई झालाय," मंगल म्हणाली. चूल तर अजून पेटवायची होती, पण आक्कांनी ते काढलं नाही.

तीनच्या सुमाराला गेणभाऊ मागच्या दारानं आला. भरतनं त्याला फोन केला असणार. खांद्यावर एक पखवाज होता आणि काखेत गोधडीत गुंडाळलेला दुसरा, जुना, आबांच्या वेळचा. तो विकला नाही आणि नवा आल्यापासून कधी उतरवलाही नाही, असं त्यानं ओशाळून सांगितलं. अधूनमधून घरी काळी चारला लावून ठेवायचा. बुवा आले तर कुठला काढू, त्याला एवढंच विचारायचं होतं.

"मला नका इचारू, गेणभाऊ," मंगल म्हणाली. "आता मला कुणी काईच इचारू नका."

पूर्वी हे गाणं रात्री बसायचं आणि उजाडेपर्यंत चालायचं. बिबट्या उसातून बाहेर पडायला लागल्यापासून मंडळानं वेळ चारवर आणली होती, म्हणजे दिवस मावळायच्या आत सगळे आपापल्या घरी. बोरीची माणसं पिकअपमधून आली. जानकू काठी टेकत उतरला. बायका नेहमीप्रमाणे सभामंडपाच्या डाव्या अंगाला बसल्या. पुढे बुवाची जागा रिकामी होती, तिथं चिपळ्या ठेवल्या होत्या. सगळ्यांना सगळं कळलं होतं हे त्यांच्या हळू बोलण्यावरूनच कळत होतं. भरत बुवाच्या जागेमागं टाळ घेऊन बसला. सुभाष आला नाही तर रीतीप्रमाणे चिपळ्या त्यानंच उचलायच्या होत्या, आणि एरवी या गोष्टीची त्याला हौसही होती. पण आज तो त्या चिपळ्यांकडे बघतसुद्धा नव्हता.

सुभाष आला. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, डोक्यावर टोपी. माणसांच्या मधून वाट काढत आपल्या जागेवर बसला. मंगलनं पेटी उघडली. तिचं बोट सवयीनं काळी दोनवर गेलं आणि तिथंच थांबलं.

"आबांची लाव," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

गेणभाऊनं गोधडी सोडली. डाव्या अंगाला ओली कणीक लावली, हातोडीनं दोन गठ्ठे ठोकले, थाप मारून पाहिली. पखवाज बरोबर बोलला. रिवाजाप्रमाणे आधी विठोबाच्या रूपाचा अभंग. सुभाषनं डोळे मिटले आणि धुरपद म्हटलं. खालच्या जागा बऱ्या गेल्या. वरच्या जागेला आवाज फाटायला लागला तेवढ्यात मंडळानं ते उचललं.

आणि डाव्या अंगानं आवाज आला. मंगलला आधी वाटलं बाहेर कुणी स्पीकर लावलाय. बायका गात होत्या. ओठ हलवत नव्हत्या, गात होत्या. एकमेकींकडे बघून, जरा घाबरून, आणि मग दुसऱ्या फेरीला न घाबरता. त्यांना त्यांची जागा परत मिळाली होती. आक्का खांबाला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून खुशाल पाणी वाहत होतं.

पहिलं चरण आलं. सुभाषनं तोंड उघडलं, दोन शब्द निघाले आणि तिसऱ्याला आवाज चिरफाळून थांबला. नुसती हवा. मग गेणभाऊची थाप पडली, आणि मंडळानं आबांचा कायदा पाळला. बुवा चरण घेत नाही तोवर धुरपद. त्यांनी ते परत उचललं. एक फेरी झाली. दोन झाल्या. सुभाष मान खाली घालून बसला होता. तीन. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं आणि कुणी थांबतही नव्हतं. टाळकऱ्यांचे हात भरून आले, जानकूचा आवाज बसत चालला, तरी धुरपद फिरतच राहिलं.

त्या गदारोळात सुभाष पेटीकडे सरकला आणि वाकला. सगळं गाव समोर बसलं होतं, पण त्या दोघांचं बोलणं दुसऱ्या कुणालाही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"किती वर्षं?"

"आठ-नऊ."

"सगळ्यांला ठाऊक व्हतं?"

मंगलनं मान डोलावली. तिचा उजवा हात पट्ट्यांवर होता आणि डावा भात्यावर, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती.

"मला वाटायचं ज्येष्ठमधानं," तो म्हणाला. तो हसला की काय हे तिला नीट कळलं नाही. मग त्यानं विचारलं, "तू कुठं म्हणायचीस मग? एवढी वर्षं?"

"मी कुठं म्हणायची? मी पेटी वाजवत व्हते."

धुरपदाची आणखी एक फेरी सुरू झाली होती.

"लई दमली असशील," तो म्हणाला.

ज्याच्यासाठी माणूस दमतं त्यानंच हे म्हटल्यावर माणसानं काय करावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती नुसती भाता ओढत राहिली. त्यानं चिपळ्या उचलल्या आणि पेटीवर, तिच्या हातापाशी ठेवल्या. तिनं मान हलवून नको म्हटलं. वृषालीला द्या, तिचा गळा तयार आहे.

"ती मागून घेईल. आधी तू. पेटी तिला दे."

वृषाली केव्हा जवळ सरकली होती कोण जाणे. तिनं भात्यावरच्या काकीच्या हातावर हात ठेवला, मंगलनं आपला हात खालून काढून घेतला, आणि सूर न तुटता पेटी एका बाईकडून दुसरीकडे गेली. सुभाष उठला. बुवाच्या जागेवर न बसता तो मागं टाळकऱ्यांत गेला आणि भरतशेजारी टेकला. भरतनं आपले टाळ काढून भावाच्या हातात दिले.

मंगलनं चिपळ्या बोटांत अडकवल्या. चरण तिला पाठ होतं. गेली आठ-नऊ वर्षं ते तिच्या घशात नुसतं बसून होतं. पहिला शब्द खरखरीत निघाला, न वापरलेल्या नळाला आधी गढूळ पाणी येतं तसा. दुसरा जरा बरा होता. तिसऱ्याला, जिथं सुभाषचा आवाज चिरफाळला होता तिथं, ती पोचली आणि थांबली नाही. नवऱ्याच्या घशाकडे बघायची तिची खोड मात्र एवढ्यात जाणार नव्हती. तिनं मान वळवून पाहिलं. सुभाष टाळ उचलून, तोंड उघडून, तिचं चरण कधी संपतंय आणि आपल्याला धुरपद कधी मिळतंय याची वाट बघत बसला होता.